खाऊन टाक आणि ईट अप

इंग्रजी भाषेचा मला कधी राग आला नाही. ती ज्यांनी शिकवली त्यांचा आला, आणि अजून येतो. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. बाकी सगळ्या बाबतींत मी निवले आहे. सुनांशी भांडत नाही, दूधवाल्याशी हुज्जत घालत नाही. या एका गोष्टीपुरती मात्र मी तशीच आहे आणि तशीच राहणार.

आमचा मळा अमरावतीच्या बाहेर, बडनेऱ्याच्या वाटेवर होता. वांगी, मेथी, पालक, दसऱ्याला झेंडू, आणि बारा महिने सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या शब्दावरूनही शाळेत माझं खूप हसं झालं. बाबा मोट हाकायचे, माय बाजारात बसायची. घरात कोणी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मला शाळेत घातलं ते बाबांच्या हट्टानं. कचेरीत कशाला तरी गेले असता त्यांनी पाहिलं होतं की इंग्रजी बोलणाऱ्याला चपराशी बसायला खुर्ची देतो आणि बाकीच्यांना झाडाखाली उभं करतो. ते घरी आले आणि मायला म्हणाले, "आपल्या पोट्टीले खुर्ची भेटली पायजे." माय म्हणाली, "पोट्टीले खुर्ची कायले? तिले चूल हाय." पण बाबा ऐकणारे नव्हते.

मराठी चार इयत्ता झाल्या आणि मी मुलींच्या इंग्रजी शाळेत गेले. तिथे वकिलांच्या, डॉक्टरांच्या, मामलेदारांच्या मुली होत्या. माळ्याची मी एकटी. त्या काळी बाया शिकवायला मिळत नसत, म्हणून वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायला एक मास्तर होते, पुण्याहून आलेले. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, काळी टोपी, कपड्याला कधी सुरकुती नाही. ते कुणावर हात उगारत नसत. हात उगारला असता तर मी कधीच विसरले असते.

आता ज्याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात, त्याला आमच्या वेळी सरसकट 'इडियम' म्हणायचे. मास्तर एक क्रियापद घेत आणि त्याचा सगळा गोतावळा फळ्यावर मांडत. लुक आफ्टर म्हणजे काळजी घेणे. लुक इनटू म्हणजे चौकशी करणे. लुक डाऊन अपॉन म्हणजे तुच्छ लेखणे. मग पुटची रांग: पुट ऑन, पुट ऑफ, पुट आऊट, पुट अप विथ. आम्ही ते पाढ्यांसारखं एका सुरात म्हणायचो. मी एकदा विचारलं होतं, की लुक म्हणजे पाहणं आणि आफ्टर म्हणजे नंतर, तर लुक आफ्टर म्हणजे नंतर पाहणं का नाही?

मास्तर म्हणाले, "साहेब तसं म्हणत नाही म्हणून."

या उत्तरावर वर्ग हसला. प्रश्न चुकीचा नव्हता, तरी हसला. मी खाली बसले आणि पाठ करायला लागले.

पाठांतरात मी कमी पडत नव्हते. त्रास होता तो अर्थ सांगायचा. इंग्रजी बरोबर असे, पण अर्थ मराठीत सांगावा लागे आणि माझ्या तोंडात घरची मराठी होती. एकदा मास्तरांनी मला 'रन आऊट ऑफ' विचारलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "संपून जाणं. घरातलं मीठ संपून गेलं तं माय म्हणते..."

"तं?" मास्तर थांबले. "तं म्हणजे काय?"

मी 'तं'चं 'तर' केलं.

"आणि माय कोण? आई म्हणता येत नाही?"

मी म्हणाले, "येते सर. पण मी माय म्हणतो."

झालं. 'म्हणतो' हा शब्द ऐकताच मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. आमच्या वऱ्हाडात बाई असो की बुवा, 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. माझी माय तसंच बोलायची, तिची मायही. मास्तर वर्गाकडे वळून म्हणाले, "आपल्या वर्गात एक मुलगा बसला आहे, हे मला आजवर ठाऊकच नव्हतं." मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: मी करतो, मुलगा. मी करते, मुलगी. आणि ते मला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावलं. पुन्हा, आणि पुन्हा.

सगळ्यात जास्त हसली ती एका वकिलाची मुलगी. तिचं घर आमच्या गिऱ्हाइकीतलं. भाजी द्यायला गेले असताना मी तिला घरात बोलताना ऐकलेलं होतं. ती स्वतः आपल्या आजीला 'मी येतो वं' म्हणायची. शाळेच्या फाटकातून आत आली की ती ते गिळून टाकायची. मला गिळता येत नव्हतं, एवढाच काय तो आमच्यात फरक.

"आधी मराठी शिक," मास्तर मला म्हणाले. "भाजीबाजारातली भाषा भाजीबाजारात ठेव. या भाषेत इंग्रजीचा अर्थ सांगणं म्हणजे इंग्रजीचा अपमान आहे."

वर्गात माझी एकच मैत्रीण होती. तिचे वडील बडनेऱ्याला रेल्वेत सांधेवाले होते, गाड्यांचे रूळ बदलायचे काम. ती रोज बडनेऱ्याहून छोट्या गाडीनं यायची. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी विहिरीपाशी डबा खायचो. तिनं स्टेशनावर गोऱ्या गार्डांचं आणि ड्रायव्हरांचं इंग्रजी कानानं ऐकलं होतं आणि ती ते हुबेहूब करून दाखवायची. एकदा ती म्हणाली, "लुक आऊट म्हंजे काय मालूम हाय का तुले? गाडीचा डबा मागं येऊन राहिला ना, तं गार्ड बोंबलते, लुक आऊट! अन् कोनी बाहेर पाह्यत नाई. सगळे उड्या मारून बाजूले होतात."

मी म्हणाले, "म्हंजे सांभाळून राय."

"हो. पाह्यनं राह्यलं बाजूले."

ते माझ्या डोक्यात बसलं. पाहणं राहिलं बाजूला, आणि अर्थ निराळाच झाला. असं आपल्याकडे होत नाही का? होतं की. बाबा कुणाला 'मी पाह्यतो' म्हणाले तर ती एक गोष्ट. 'मी पाहून घेतो' म्हणाले तर समोरचा माणूस दोन पावलं मागं सरकतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी मायजवळ बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. धाकटा भाऊ ताटात भाकर टाकून खेळत होता. माय त्याला म्हणाली, "खाऊन टाक जा लवकर." मग माझ्याकडे वळली. "अन् तू थो चहा पिऊन टाक. थंडा होऊन गेला." मग शेजारची शेळी मेथीत शिरली तशी माय ओरडली, "निंघून जाय!" मी जुडी बांधता बांधता थांबले. खा आणि खाऊन टाक. ईट आणि ईट अप. पी आणि पिऊन टाक, ड्रिंक अप. निघ आणि निघून जा, गो अवे. जळणं आणि जळून जाणं, बर्न आणि बर्न डाऊन. फाडून टाक, वाटून टाक, राहून गेलं, उठून बस. माय दिवसभर इडियमच बोलत होती! इंग्रज क्रियापदाच्या शेपटीला अप आणि डाऊन बांधतो, आपण टाक आणि जा बांधतो. दोघंही एकच काम करतात.

मला एवढा आनंद झाला की मी मायला ते सांगितलं. ती म्हणाली, "साहेबाची माय पन पोट्ट्याले जेव म्हून सांगत असनच ना?" आणि पुन्हा जुड्यांकडे वळली.

दुसऱ्या दिवसापासून मी पाठांतर सोडून दिलं. प्रत्येक इडियमला घरातलं एक वाक्य शोधायचे आणि ते वाक्य मैत्रिणीला सांगायचे. पुट ऑफला 'लगन पुढं ढकलून देलं'. ब्रेक डाऊनला 'मोटेचं चाक बसून गेलं'. टर्न डाऊनला 'पाहुन्यानं पोट्टी परतून लावली'. सगळीच जुळत होती असं नाही. काही इडियम हट्टी होते, त्यांना आमच्या घरात वाक्यच सापडत नव्हतं, ते तसेच पाठ करावे लागले. पण जे जुळले ते मी पुन्हा कधी विसरले नाही. चाचणी परीक्षेत आम्हा दोघींना वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. मास्तरांनी मैत्रिणीला विचारलं, "कुणाचं पाहून लिहिलंस?"

हे मला सहन झालं नाही. तास संपल्यावर मी मास्तरांच्या टेबलाजवळ गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. खाऊन टाक म्हणजे ईट अप कसं, पाहतो आणि पाहून घेतो यांत फरक कसा. मी शक्य तेवढं शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होते. माझा खुळा समज असा होता की त्यांना आनंद होईल. शिकवणाऱ्याला आनंद व्हावा अशीच गोष्ट होती ती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इंग्रजी भाषा कुठे आणि तुमचं हे 'खाऊन टाक' कुठे. जिथे राज्य चालतं त्या भाषेची तू चुलीपुढच्या बोलण्याशी बरोबरी करतेस?"

"बरोबरी नाई सर. पन ते सारखंच..."

"गेट आऊट," ते म्हणाले.

हा इडियम मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

थोड्या दिवसांनी नागपूरहून इन्स्पेक्ट्रेस बाई तपासणीला येणार असं कळलं. गोरी बाई. शाळेत चुन्याचा वास पसरला, कुंड्या रंगवल्या गेल्या, आणि मास्तरांनी काही मुलींना नेमके प्रश्न आणि नेमकी उत्तरं पाठ करायला दिली. आदल्या दिवशी ते माझ्या बाकाजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू उद्या आली नाहीस तरी चालेल. हजेरी मी लावून घेईन."

मी घरी काही सांगितलं नाही. सकाळी लुगडं नेसले, वेणी घातली आणि रोजच्या वेळेला वर्गात जाऊन बसले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, गोऱ्या बाईंना घेऊन आत आल्या आणि सगळ्या उभ्या राहिल्या.

गोऱ्या बाई बऱ्याच वर्षांपासून या भागात होत्या. मराठी त्यांना समजायची, थोडी बोलताही यायची. पाठ केलेली उत्तरं त्यांनी शांतपणे ऐकली आणि मग मास्तरांनी ठरवलेला नव्हता असा एक प्रश्न विचारला. गिव्ह अप आणि गिव्ह इन यांत काय फरक? आम्हाला दोन्हींचा अर्थ 'हार मानणे' असाच लिहून दिलेला होता. वकिलाच्या मुलीनं उठून 'हार मानणे' सांगितलं. "अँड द अदर?" बाईंनी विचारलं. ती पुन्हा म्हणाली, 'हार मानणे'. बाईंनी वर्गावर नजर फिरवली. कुणी हात वर करेना.

मी केला. मास्तर मला बसायची खूण करत होते, पण बाईंनी माझ्याकडे मान हलवली.

मी आधी इंग्रजीत म्हणाले, "द बुलॉक्स डिड नॉट वॉक, सो माय फादर गेव्ह अप द वर्क. मदर सेड, सेल द बुलॉक्स. फादर गेव्ह इन टू मदर." मग मराठीत सांगितलं, की बैल चालेनात म्हणून बाबांनी काम सोडून दिलं, ते गिव्ह अप. माय मागं लागली म्हणून त्यांनी तिचं ऐकून घेतलं, ते गिव्ह इन. सोडून देणं आपलं आपण, ऐकून घेणं दुसऱ्यापुढं.

बाई मोकळेपणानं हसल्या. त्यांनी मला आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं. ईट अप, ड्रिंक अप, लुक आऊट. मी भराभर बोलत गेले आणि मध्येच 'खाऊन टाक जा' असं मायच्या सुरात निघून गेलं, तरी त्या हसल्याच. मग त्या मास्तरांकडे वळल्या आणि म्हणाल्या, की ही तर फार सुंदर पद्धत आहे, अशी शिकवणूक मी या प्रांतात कुठे पाहिली नाही, ही कुणाची कल्पना?

मास्तरांनी टोपी सारखी केली आणि इंग्रजीत म्हणाले, "माझीच, मॅडम. मी यावर काही काळ काम करतो आहे. मुलींच्या घरगुती बोलीचा उपयोग करून घेतो."

ज्या टेबलाजवळ त्यांनी मला 'गेट आऊट' म्हटलं, त्याच टेबलाला टेकून ते उभे होते. चेहऱ्यावर काही नाही. जसं काही खरंच तसं घडलं होतं.

मी अजून उभीच होते. मी म्हणाले, "नो, मॅडम. सर इज मेकिंग इट अप."

मेक अप, रचून सांगणे. त्याच आठवड्यात शिकवलेला. व्याकरणात एक चूक नव्हती.

मोठ्या बाई पांढऱ्या पडल्या. गोऱ्या बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. मास्तरांकडे जरा जास्त वेळ पाहिलं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना कळलं होतं. माझी खात्री आहे, त्यांना तिथल्या तिथे कळलं होतं. पण त्या म्हणाल्या, "दॅट विल डू. सिट डाऊन."

मी बसले. मास्तरांनी माझं घेतलं, त्याचा राग एक. पण ज्या बाईला खरं कळलं होतं आणि तरीही जिनं मला खाली बसवलं, तिचा राग मला मास्तरांपेक्षा जास्त वर्षं पुरला. मुलीला खोटं ठरवणं सोपं होतं. मास्तरांना खोटं ठरवलं असतं तर तपासणीचं काम वाढलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना शाळेत बोलावणं आलं. ते डोक्याला पागोटं बांधून आले, आणि मोठ्या बाईंच्या खोलीत दारापाशीच उभे राहिले. खुर्ची होती, पण कुणी बसा म्हणालं नाही. मास्तर खिडकीपाशी होते. मोठ्या बाई स्वभावानं वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. पण तिनं पाहुण्यांसमोर गुरुजींचा अपमान केला. तिनं माफी मागावी, म्हणजे विषय संपेल."

बाबांनी मला विचारलं, "तू काय म्हनली होती?"

मी सांगितलं.

"खरं होतं का थे?"

"हो बाबा."

बाबा मोठ्या बाईंकडे वळले. "मंग माफी कायची?"

मास्तर खिडकीपासून पुढे आले. "तू समजून घे," ते बाबांना म्हणाले. बाबा त्यांच्याहून वयानं मोठे, डोक्याचे केस पिकलेले. "तुझ्या मुलीला आम्ही वर काढतो आहोत. तिला वागायचं कळलं पाहिजे."

बाबा दारापासून दोन पावलं आत आले. मग म्हणाले, "मास्तर, मी तुमाले तुमी म्हनून राहिलो. तुमी मले तू म्हनून राहिले. वागनं कोनाले शिकाव लागते, थे बाईसायबायले पुसा."

मोठ्या बाईंनी मान खाली घातली. पण त्यांनी सांगितलं ते बदललं नाही. माफी नाही, तर मॅट्रिकच्या परीक्षेला शाळेकडून बसता येणार नाही. बाबा म्हणाले, "नाई तं नाई." आणि मला घेऊन बाहेर पडले. घरी पोचल्यावर पागोटं खुंटीला लावताना म्हणाले, "आता अकोल्याले जाय. मामाकडं."

माझे मामा अकोल्याजवळ काळ्या जमिनीचे शेतकरी, कापूस पिकवणारे. शहरात त्यांचं एक लहान घर होतं. मामी तिथे पोरांना शिकायला घेऊन राहायची. मी त्या घरात राहिले आणि मुलांच्या हायस्कुलात जायला लागले. आम्हा दोघी-तिघी मुलींसाठी भिंतीलगत वेगळं बाक होतं. येता-जाता पोरं काय म्हणायची ते सांगण्यात अर्थ नाही. तिथले इंग्रजीचे मास्तर म्हातारे होते. त्यांना माझ्या बोलण्याशी घेणंदेणं नव्हतं, फक्त स्पेलिंगशी होतं. त्यांचे मी आजही आभार मानते.

बडनेऱ्याची मैत्रीण पत्रं लिहायची. मास्तर आता वर्गात माझीच पद्धत शिकवतात, खाऊन टाक म्हणजे ईट अप, असं तिनं कळवलं. तिला मी दिलेली वाक्यं त्यांनी तिच्याकडूनच काढून घेतली होती. तिला नाही म्हणता आलं नाही, तिला परीक्षा द्यायची होती. मी तिला दोष देत नाही.

मॅट्रिकच्या वर्षी आमच्या अकोल्याच्या मास्तरांनी एक नवीन गाईड वर्गात आणलं. इंग्रजी इडियम मराठी संयुक्त क्रियापदांच्या साहाय्याने कसे शिकावेत, अशा अर्थाचं लांबलचक नाव. कर्ते, आमचे अमरावतीचे मास्तर. प्रस्तावनेत गोऱ्या बाईंचे आभार, शिक्षण खात्याचे आभार. मी बाकावर बसून पानं उलटली. मोटेचं चाक होतं. बैल होते. पुढं ढकललेलं लग्न होतं. परतवून लावलेली मुलगी होती. गिव्ह अप आणि गिव्ह इन होतं, बाबांसकट. फक्त सगळं धुऊन-पुसून, कडक इस्त्री करून. 'खाऊन टाक जा' नव्हतं, 'खाऊन टाक पाहू बाळ' होतं. माय नव्हती, आई होती.

त्या दिवशी मी जेवले नाही. मामी म्हणाली, "छापलं तं छापलं. तुले काय फरक पडते?" मला पडत होता. माझ्या घरची भाषा वर्गात आणायची नाही म्हणून मला बाहेर काढलं, आणि तीच भाषा कपडे बदलून पुस्तकात घातली. ती वाईट होती तर घेतली कशाला? आणि घ्यायचीच होती तर मला बाहेर का काढलं? याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

दिवाळीला मी गाईड घेऊन अमरावतीला गेले आणि मायला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती शेंगा सोलत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "हे कोनाच्या घरचं हाय वं? चांगलं गोड बोलून राहिली थे बाई."

मी म्हणाले, "माय, हे तूच बोललेलं हाय."

"मी?" माय हसली. "मी कायले असं बोलतो! माह्या पोट्ट्याले मी 'पाहू बाळ' म्हनीन तं थो घाबरून जाईन."

तिला ओळखूच आलं नाही. मला जे सगळ्यांत लागलं ते हे. माझं नाव नव्हतं याचं काही नाही, मी मुलगी होते, माझं नाव कोण छापणार? पण माझ्या मायला तिचे शब्द वाचून दाखवले तरी ते तिला परके वाटावेत, इतके बदलून टाकले होते.

बाबा ओसरीवरून ऐकत होते. ते आत आले, गाईड हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला परत दिलं. "तू पास हो," एवढंच म्हणाले.

मी पास झाले. इंग्रजीत चांगले गुण पडले. पुढे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि अकोल्यालाच मुलींच्या शाळेत लागले. तिथेही ते गाईड लावलेलं होतं, आणि ते शिकवणं माझ्या वाट्याला आलं. पहिल्या वर्षी मी रजा घेण्याच्या बेतात होते. मग विचार केला, की माझं मी का सोडून देऊ? मी मुलींना गाईड बंद करून ठेवायला सांगितलं आणि म्हणाले, "तुमच्या घरी कोण काय म्हणतं ते सांगा. जसं म्हणतात तसंच." आधी कुणी बोलेना. मग एक धिटुकली उठली आणि म्हणाली, "बाई, माही आजी म्हनते, मरून जाय तिकडं." वर्ग हसला, मीही हसले, आणि आम्ही 'गो टू हेल' आणि 'गो अवे' आणि 'ड्रॉप डेड' यांतलं कोणतं जवळचं यावर अख्खा तास घालवला. तिथल्या मोठ्या बाईंनी नंतर मला बोलावून घेतलं. मुलींचं बोलणं सुधारणं हेही आपलं काम आहे, असं त्यांनी मला समजावलं. मी म्हणाले, "ते माझं काम नाही. मी इंग्रजी शिकवते." माझ्या बढत्या उशिरा झाल्या, त्या यामुळे असाव्यात.

मास्तर पुढे खूप मोठे झाले. त्यांच्या गाईडच्या आवृत्त्या निघत राहिल्या. एकदा अकोल्याला शिक्षकांची सभा होती तिथे ते आले होते. मला पाहून ओळखलं, जवळ आले आणि सोबतच्या लोकांना म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. फार हुशार. थोडी तापट." लोक कौतुकानं हसले. मी त्यांना म्हणाले, "सर, गिव्ह अप आणि गिव्ह इन यांत काय फरक, ते या मंडळींना एकदा सांगा. बैलांची गोष्ट सांगा. तो माणूस माझा बाप होता." ते म्हणाले, "अरे वा," आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला वळले.

ते वारले तेव्हा अकोल्यात शोकसभा झाली. त्यांची जुनी विद्यार्थिनी म्हणून मी दोन शब्द बोलावेत, असं सांगायला आमच्या शाळेतल्या एक तरुण शिक्षिका घरी आल्या. मी त्यांना चहा दिला आणि सगळी हकीकत सांगितली. त्या ऐकून म्हणाल्या, "पण बाई, आता माणूस गेला. गेलेल्या माणसाबद्दल कुणी असं धरून ठेवतं का?"

मी म्हणाले, "मी ठेवतो."

आणि सभेला गेले नाही.